तंबोऱ्याची दांडी

माझ्या नवऱ्याने घरीच तंबोरा करायचं मनावर घेतलंय. गॅलरीत बसून तो दांडी घासतो आणि मधूनच डोळे मिटून तिच्यावरून हळुवार तळवा फिरवतो. लाकूडच ते, पण मला बघवत नाही. माझ्या पाठीला बाम लावताना याच हाताला कोण घाई असते. एवढी माया त्या हातात आहे, हे मला लाकडाकडून कळावं?

“जरा इकडे ये गं. माझी बोटं बधिर झालीत. कुठे खरखरीत लागतंय का बघ.”

माझा हात धरून त्याने तो दांडीवरून फिरवला. दांडी अगदी गुळगुळीत झाली होती.

“लागतंय थोडं,” मी म्हटलं.

“कुठे?”

“पुन्हा फिरव, सांगते.”