तांब्यावरची पानं

साठ साल उजाडायच्या आसपास, बेंगळुरूच्या आमच्या घरात, अक्काच्या औषधांचं बाड वाळवीनं खाल्लं. अक्का म्हणजे माझी थोरली आत्या. सगळं घर तिला अक्काच म्हणे. मोडीतलं ते बाड तिच्या आजोबांच्या हातचं. उघडलं तर आत नुसता भुगा. ती रडली नाही. तो भुगा तिनं ओंजळीत भरून घेतला.

"तोंडपाठ आहे ना तुला?" माझ्या वडिलांनी, अण्णांनी, विचारलं.

"आहे. पण मी किती दिवस?"

अण्णा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. रविवारी ते चिकपेटेच्या बाजारातून तांब्याचे सहा पत्रे घेऊन आले; तांब्याला वाळवी लागत नाही. पत्र्याला मेणाचा थर द्यायचा, सुईनं मेण खरवडत लिहायचं, मग पत्रा आम्लात बुडवायचा. मेण निघालेल्या जागी आम्ल तांबं खातं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते, म्हणून सुई माझ्या हाती आली.

अक्का डोळे मिटून सांगायची, मी लिहायची. "हजार वर्षांनी मराठी कोण वाचणार?" ही शंका तिचीच. "शेजारी पान काढ. पान कुणालाही कळतं." मग मी अडुळसा काढला, गुळवेल काढली. अंगणात अण्णा आम्लातले बुडबुडे पिसानं हलकेच बाजूला सारत. पाणी हळूहळू निळंहिरवं होई. बाहेर सकाळचं धुकं. आपण कुठल्या शतकात बसलोय, हेच मला उमगत नसे.

औषधं पाच पत्र्यांत संपली. सहाव्यावर अण्णांना गणिताची सूत्रं हवी होती.

"स्वल्प थांब, जरासं थांब," अक्का त्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "लिही. तापातल्या माणसाला एकटं ठेवू नये. जवळ बसावं."

"हे औषध आहे, अक्का?"

"त्यांना साथीत गावाबाहेर खोपटात ठेवलं होतं. मला आत जाऊ दिलं नाही. काढा दारातून सरकवायचे."

गेलेल्या नवऱ्याबद्दल तिला बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. अण्णा नुसतं "सरी" म्हणाले, म्हणजे बरं; सूत्रं राहिली.

"इथे कसलं पान काढू?" मी विचारलं.

"पान नको. दोन माणसं काढ. एक निजलेलं, एक बसलेलं."

पुढच्या वर्षी आम्ही नवं घर बांधलं, तेव्हा पायाभरणीत एक दगडी पेटी बसवली. अक्कानं स्वतःच्या हातानं पत्रे रचले आणि दोन माणसांचा सगळ्यांत वर ठेवला. "कुणी उघडलंच, तर आधी हा दिसू दे."

ते घर आम्ही कधीच विकलं. नव्या मालकांना पेटीबद्दल काही सांगितलं नाही.