यज्ञेश्वरकाकांचे शिंजीर

समोरच्या फ्लॅटमधल्या यज्ञेश्वरकाकांनी घरच्या संगणकासाठी आवाज संपादित करायचं सॉफ्टवेअर निवडायला घेतलं, तेव्हा मला वाटलं होतं, एका दुपारचं काम आहे. मी कॉलेजात संगणक शिकवते. त्यामुळे कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत कुणाचा प्रिंटर रुसला किंवा कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या, की बेल माझी वाजते. जणू मी शिकवत नाही, पाने आणि पक्कड घेऊन फिरते.

काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. लोकांचे दावे तपासण्यात हयात गेली, त्यामुळे समोरचा माणूस बोलायला लागला की हे आधी खोट शोधणार. पण मला ते आवडायचे त्यांच्या पहाटेमुळे. उजाडायच्या आधी गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत शाल गुंडाळून, डोळे मिटून ते पक्षी ऐकत बसत. बघत नसत. दुर्बिणी लावून टेकड्या चढणाऱ्यांची त्यांना कीव यायची. "पक्षी ऐकायचा असतो," म्हणायचे. "बघायला काय, पोपट पिंजऱ्यातही दिसतो." जिन्यातल्या पावलांवरून कोण आलं ते सांगणारा माणूस. त्यांच्या कानाला नावं ठेवायची सोसायटीत कुणाची टाप नव्हती.

यंदा आमची इमारत पुनर्विकासाला जायची ठरली. आवारातली बुचाची झाडं, जांभूळ, कुंपणाची जास्वंद, सगळंच जाणार. काकांच्या मनानं घेतलं की जायच्या आधी इथली एक सकाळ ध्वनिमुद्रित करायची, स्वच्छ करायची आणि जिथे जाऊ तिथे बरोबर न्यायची. मुलानं दिलेला छोटा रेकॉर्डर होताच. दु:ख फक्त एक होतं. जास्वंदीवर येणारे इवलेसे, बारीक आवाजाचे शिंजीर पक्षी त्यांना सगळ्यांत लाडके, आणि ते दोन वर्षांपूर्वी निघून गेले होते.

"झाडांच्या आधी तेच उठून गेले. शहाणे," काका म्हणाले. "पण एखादा लांबून कुठून तरी बोलत असेल. ते कुकरच्या शिट्ट्यांखालून वर काढणारं सॉफ्टवेअर मला पाहिजे. शिंजीर नसेल, तर ती आपली सकाळ नव्हे."

कुसुमकाकू आतून म्हणाल्या, "अहो, कुठेही गेलेले नाहीत. आज होता की जास्वंदीवर."

"हिला पंख्याचं कुरकुरणंही शिंजीर वाटतं," काका मला म्हणाले. काकू भाजी निवडत राहिल्या.

मी एक फुकटचं सॉफ्टवेअर घालून दिलं. जुन्या पडद्याचं काकूंनी शिवलेलं आवरण बाजूला सारून काका संगणकापुढे बसले ते बसलेच. सकाळी ध्वनिमुद्रण, दुपारी कापाकापी. घंटागाडीचं गाणं गेलं, वॉचमनचा खोकला गेला. तांबट, भारद्वाज, कोकीळ राहिले. मी कधी कधी कॉलेजातून येताना डोकवायची आणि हेडफोन लावून तिथेच बसून राहायची. कुठला आवाज कुणाचा, ते मला कळायचं नाही. बाहेर भर दुपार, आणि कानात नुकतं उजाडत असायचं. खुर्चीतल्या खुर्चीत तरंगल्यासारखं वाटायचं. तपासायच्या उत्तरपत्रिका, मिटिंगा, माझा स्वभाव, सगळं कुठेतरी खाली राहायचं.

पण काकांचा निकाल ठरलेला. "शिंजीर नाही. बाद."

दुसरं सॉफ्टवेअर पैसे घेणारं होतं. त्यानं एका बटणात सगळा गोंगाट पुसला. त्याबरोबर सकाळही पुसली. काकांनी कंपनीला इंग्रजीत खरमरीत तक्रार धाडली, की आपल्या उत्पादनाला बारीक आवाज पकडता येत नाहीत, सबब दावा फसवा आहे. कंपनीनं नम्रपणे उलट विचारलं, आपण आपले हेडफोन तपासलेत का? काकांनी चिडून नवे हेडफोन आणले. शिंजीर त्यांतही नव्हता.

तिसरं मी शोधलं ते आवाजाचं चित्र काढणारं. त्यात खाली जाड आवाज दिसतात, वर बारीक. तळाशी रस्त्यावरच्या बसचा काळपट धूर, त्याच्या वर तांबटाचे एकसारखे ठिपके. काकांना ते फार आवडलं. दिवसभर त्या सरकत्या पहाटेकडे बघत बसत.

एका दुपारी त्यांनी हाक मारली. हातात चष्म्याचं फडकं होतं.

"नीरजा, तुझ्या या सॉफ्टवेअरनं माझ्या स्क्रीनवर ओरखडे पाडलेत. पुसून पुसून हात दुखला."

थांबवून ठेवलेल्या चित्राच्या अगदी वरच्या अंगाला बारीक, वळणदार रेघा होत्या. झुपक्याझुपक्यांनी आलेल्या. मी हेडफोन लावले आणि ते वाजवलं.

इतके दिवस नाव न कळता मी ऐकत आलेला तोच बारीक आवाज, म्हणजे हाच शिंजीर होता. लांबचा नाही, अगदी कानाशी. घाईघाईनं काहीतरी सांगत होता, थांबत होता, पुन्हा नव्यानं सांगत होता. रेघ आली की तो, रेघ संपली की तोही गप्प.

दोन वर्षांत गेलं काय होतं, ते मला त्या क्षणी कळलं. आणि समोर काका फडकं घेऊन उभे.

"कसला ओरखडा आहे?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. हेडफोन काढताना वायर ओढली गेली आणि आवाज स्पीकरमधून घरभर झाला. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या.

"अगबाई, आला!" त्या हसून म्हणाल्या. "अहो, हाच तो. जास्वंदीवरचा."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग सरकणाऱ्या रेघेकडे.

"वाजतोय?" त्यांनी विचारलं.

"वाजतोय की."

"आत्ता?"

काकूंचं हसू मावळलं. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. "हो," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ता."

काका खाली बसले. फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. आयुष्यभर दुसऱ्यांची खोट काढलेल्या माणसाला स्वत:ची खोट अशी चित्रात दिसावी, याचा मला रागच आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही.

"म्हणजे ते इथेच होते," ते म्हणाले. मला वाटलं होतं, ते खचतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं. "गेले नव्हते. बरं झालं."

मला राहवेना. आवाजाची पट्टी खाली उतरवायची सोय त्यात होती. मी शिंजीर चांगला खाली आणला आणि काकांच्या कानांवर हेडफोन ठेवले. त्यांनी डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकलं.

"आला ऐकू?"

"आला. पण हे कुणी घसा बसलेले गृहस्थ आहेत. शिंजीर नव्हेत." त्यांनी हेडफोन काढले. "याला होता तसा वर नेऊन ठेव. ज्याला ऐकू येईल तो ऐकेल. सॉफ्टवेअर मात्र हेच ठेवायचं."

त्यानंतर त्यांनी सकाळ नव्यानं ध्वनिमुद्रित केली, बरेच दिवस. गॅलरीत आता दोन खुर्च्या असायच्या. शेवटची कापाकापी त्यांनी माझ्यावर सोपवली. अट एकच: माणसाचा म्हणून जो आवाज असेल तो काढून टाकायचा.

मी एका रविवारी बसले. धुक्यातून यावे तसे आवाज येत होते. आधी भारद्वाज, मग लांबवर कोकीळ. वॉचमनची बादली वाजली, ती मी कापली. कुणाची तरी स्कूटर कापली. मग सकाळच्या ऐन मध्यावर काकांची कुजबुज आली.

"आहे?"

"अंहं. थांबा."

बराच वेळ नुसती पानं हलत राहिली.

"आता?"

"आता. आला. जास्वंदीवरून उडाला... जांभळीत गेला बघा."

आणि काकूंच्या शब्दांमागोमाग शिंजीर, स्वच्छ.

पुढेही तसंच होतं. शिंजीर आला की काकूंचा आवाज होताच. मी उठून समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली.

"काका, मधे मधे तुमचं दोघांचं बोलणं आलंय. काढून टाकते."

"माझं काढ," काका म्हणाले. "तिचं काढलंस, तर तो कुठे गातोय ते मला कसं कळणार?"