आरशावरच्या टिकल्या

मुक्ताचं आकाश मीच पुसलं. मोबाइलवरच्या अंतराळाच्या खेळात दुर्मीळ तारे आणि ग्रह कुठे सापडतात, याचा नकाशा माझ्या लेकीने कपाटाच्या आरशावर टिकल्या चिकटवून केला होता. ताऱ्याला लाल टिकली, ग्रहाला हिरवी. मला वाटलं, तिच्या आईच्याच जुन्या टिकल्या. पाहुणे यायचे होते म्हणून नखाने खरवडून काढल्या.

"बाबा, किती शोधून लावल्या होत्या!" ती रडवेली झाली. चूक कळूनही मी उलट तिच्यावरच ओरडलो, "आरसा काय खेळायला असतो?" तेव्हापासून ती खेळलेली नाही.

आज सकाळी आरशावर तिरपं ऊन आलं आणि टिकल्यांच्या डिंकाचे बारीक ठिपके चमकू लागले. सगळे जागच्या जागी होते. जीव लावून पाहिलेलं इतक्या सहज पुसलं जात नाही, या विचाराने फार बरं वाटलं. मी बायकोचं टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि मुक्ताला हाक मारली.

"रंग आठवतात?"

"सगळे. तू फक्त टिकल्या दे, आणि मध्ये शहाणपणा करू नकोस."

मी पहिली लाल टिकली तिच्या बोटावर ठेवली. "चुकलं माझं, मुक्ता. पुसलं तेही, आणि ओरडलो तेही."