मयताचं पिठलं

“देवानं शेजाऱ्यावर माया कर म्हटलं. शेजारी निवडू नाही देल्ला!” असं ती दात खात म्हणायची आणि भिंतीवरून ताट पुढे करायची.

दिग्रसच्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर तिचं एकटीचं. दवाखान्यात आया होती. अंगानं जाड, आवाज त्याहून जाड. प्रार्थना अशी करायची, की देवाला कमी ऐकू येतं असं वाटावं.

तिच्या भिंतीपलीकडे फिटर राहायचा. कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेला, तोंडाचा फाटका. तिच्या कोंबड्या त्याच्या मेथीत शिरायच्या, म्हणून दोघांचं जुनं भांडण. बायको मेल्यापासून तो चहा-बिस्किटावर राहिला. कोणी जेवण नेलं की ताटासकट हाकलायचा. वाळून काडी झाला होता. पुढचा पोळा काही हा पाहत नाही, असं आम्ही सगळेच म्हणायचो.

एका दुपारी त्याच्या घरातून मोठ्यानं रडणं ऐकू आलं. बोरी अरबहून त्याची बहीण आली होती. भावजय गेल्यावर पहिलीच भेट, त्यात भावाची ही दशा, म्हणून आमच्या रिवाजानं तिनं गळा काढला होता. आम्हाला वाटलं, गेला फिटर.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. पिठलं-भाकर शेजारचे नेतात. आयाबाईनं लगेच पिठलं टाकलं, मी भाकरी थापल्या. ती रडली नाही. “आता कोंबड्याईले कोण शिव्या देईन वं?” एवढंच म्हणाली.

दारात पोचलो. हिनं पातेलं खाली ठेवलं, डोळे मिटले आणि सुरू झाली. “हे प्रभू, हा माणूस लय तोंडाळ होता, पण तू मनावर नको घेऊ. त्याले तुह्यापाशी जागा दे...”

“काहून वं, मले कुठी पाठवून राह्यली?”

मागे फिटर उभा. हातात पाण्याची बादली. माझ्या टोपल्यातल्या भाकरी उंबऱ्यावर सांडल्या.

हिनं एक डोळा उघडला. “जिता हायेस? मंग खा. गरम हाय.”

“मयताचं जेवण मी कायले खाऊ?”

“नको खाऊ. तुह्या बहिणीले दे. रडून रडून भुकेली असन ते.”

बहिणीनं खरंच ताट ओढलं. हसू आवरेना, घास गिळेना, तिला ठसका लागला. लसणाचा वास घरभर. फिटरनं बादली खाली ठेवली आणि बसला. तीन भाकरी खाल्ल्या मेल्यानं!

तेव्हापासून रोज जेवणाच्या वेळी भिंतीपलीकडून ओरडा यायचा, “मी मेलो नाही अजून!”

“नाही मेला तं कालचं ताट धुवून आण!”

सारी गल्ली या ओरड्यावर जेवायला बसायची. फिटरनं पोळा पाहिला. पुढचाही पाहिला. गाल भरले, शिव्याही वाढल्या.

यंदा नाताळाच्या आधी तीच गेली. बसल्या जागी, तांदूळ निवडता निवडता. तिला माती देऊन परत आलो, तर फिटर पातेलं घेऊन तिच्या दारात. आयुष्यात पहिल्यांदा केलेलं पिठलं. कापसाच्या बोंडाएवढ्या गाठी, मीठ विसरलेलं.

त्यानं पातेलं खाली ठेवलं, डोळे मिटले. “हे प्रभू, हे बाई लय तोंडाळ होती...”

मग त्यानं हळूच एक डोळा उघडून मागं पाहिलं. मी पण पाहिलं.