शिंगाचा वास

पार्लरात केस सरळ करायच्या मशीनचा चटका बसून एखादी बट करपली की मला आटपाडीतले शिंगकाम करणारे चाचा आठवतात. आमचा खिलार बैल म्हातारा होऊन मेला होता. बिरोबाच्या जत्रेत उखळी तोफ उडवायची बंदुकीची दारू न्यायचा मान आमच्या घराचा, म्हणून ती भरायला त्याचंच शिंग चपटं करून घ्यायचं वडिलांनी ठरवलं. चाचा शिंग बदलतील या संशयानं त्यांनी टोकाशी खूण कोरली आणि नजर ठेवायला मलाही सोबत नेलं. निखाऱ्यावर शिंग मऊ व्हायला लागलं तसा करपट वास गल्लीभर गेला. चाचांनी ते दोन फळ्यांमध्ये धरून शिकंजा आवळला. वडील शिंगावरून नजर काढेनात, चाचांनी दिलेल्या चहालाही हात लावेनात. येणारे-जाणारे डोकावायला लागले म्हणून मी दार लोटायला उठले, तर चाचा केवढ्यानं ओरडले, "दार उघडंच ऱ्हाऊ दे! आन् पावणं, तुमी बी उठू नका. बैलाचं शिंग हाय. कुणी इचारलं तर कसा मेला ते तुमीच सांगायचं, माझ्या तोंडचं कुणाला खरं वाटायचं न्हाई." तेवढ्यात दाराशी मोटारसायकल थांबली आणि वरच्या माणसानं दरडावून विचारलं, "काय जळतंय रं?" चाचांचे हात जागीच थांबले. "माझ्या बैलाचं शिंग हाय," वडील म्हणाले, "म्हातारा हुऊन मेला." तो माणूस आम्हा तिघांकडं आळीपाळीनं बघून गेला. वडिलांनी गार झालेला चहा पिऊन टाकला. पुढं तासताना खूण निघून गेली, पण त्यांनी ती शोधलीसुद्धा नाही. मी मात्र अजून तो वास आला की आधी दाराकडं बघते.