न भाजलेला मसाला

ताईंचं नाक तापात गेलं, आणि परत आलं ते बिघडूनच आलं.

ताई म्हणजे बुटांच्या दुकानातल्या ताई. गिऱ्हाईकाला खुर्चीवर बसवायचं, आपण समोर बुटक्या स्टुलावर बसायचं, त्याचा पाय मापाच्या पट्टीवर ठेवायचा आणि बूट चढवून द्यायचा, हे त्यांचं रोजचं काम. दिवसभराचे घामेजलेले मोजे नाकासमोर यायचे. नवीन पोरी चार दिवसांत काम सोडून पळायच्या. ताई मात्र टिकल्या. "पायाचा वास म्हणजे पगाराचा वास," असं म्हणून हसायच्या आणि पुढचा पाय हातात घ्यायच्या.

साथीच्या तापात त्या अंथरुणाला खिळल्या. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. ताईंनी फारसं मनावर घेतलं नाही. उलट दुकानात बरंच वाटायचं. चव नव्हती, पण पोट भरत होतं.

मग एका संध्याकाळी कामावरून येऊन त्यांनी चपला काढल्या आणि दारातच थबकल्या.

"घरात उंदीर मेलाय," त्या म्हणाल्या.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. तो नुकताच अंघोळ करून बसला होता. "मला नाही येत वास," तो म्हणाला.

"मेलेला उंदीर आणि जळकं रबर. नाक आहे का भोपळा?"

बिचाऱ्यानं फ्रिज सरकवला, कपाट सरकवलं. कॉलेजात जाणाऱ्या लेकीनं बॅटरी घेऊन पलंगाखाली डोकं घातलं. तिला तिथं एक मोजा आणि दात पडलेला कंगवा मिळाला. उंदीर कुठेच नव्हता. ताई ओढणी नाकाला लावून वास काढत काढत गेल्या, त्या थेट स्वयंपाकघरात शेगडीपाशी. लेकीनं कढईत कांदा-लसूण परतून त्यात पाकिटातला मसाला घातला होता. वाफ तोंडावर आली आणि ताईंनी ओढणी तोंडात कोंबली. त्या मोरीकडे धावल्या.

"हेच कुजलंय! फेका ते!"

नवऱ्यानं बोटभर चाटून बघितलं. "अगं, झकास झालंय."

ताईंनी कढई रिकामी केली, पाकीट कचऱ्यात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराशी भांडायला गेल्या. "नासका माल विकता? हा वास घ्या!" त्याच मसाल्याचं नवं पाकीट त्यांनी गल्ल्यासमोर फाडलं. फाडताना स्वतः तोंड फिरवलं, कारण भपकारा तोच होता. दुकानदारानं हुंगलं. रांगेतल्या दोघांनी हुंगलं. एक बाई म्हणाली, "अय्या, किती छान! कुठला आहे हो हा?" आणि एक पाकीट तिनं तिथल्या तिथं विकत घेतलं. ताईंना भर बाजारात कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

तेव्हा कुठे त्या डॉक्टरकडे गेल्या. सोबत नवरा होता.

"वासाच्या नसा दुखावल्या होत्या," नाक-कानाचे डॉक्टर म्हणाले. "आता त्या परत जुळतायत, पण भलत्याच जागी."

"म्हणजे तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं की लिफ्ट तळघरात जाते," मेकॅनिक म्हणाला.

"अगदी तसंच. आणि दुरुस्त कधी होईल ते सांगता येत नाही. भाजलेलं, तळलेलं, कांदा, लसूण, कॉफी यांचा त्रास जास्त होणार. काय सोसतंय ते एकेक करून शोधा, आणि खात राहा."

खात राहा म्हणणं सोपं होतं. ताईंच्या मागे तर सगळं जगच नासकं होऊन लागलं. टूथपेस्ट लावली की गटाराचं पाणी तोंडात घेतल्यासारखं व्हायचं. शेजारी सकाळी कॉफी उकळली की त्या खिडक्या लावून घ्यायच्या. बेकरीवरून जाताना श्वास रोखून पळायच्या. गंमत अशी, की दुकानातल्या मोज्यांना मात्र काहीच वास येत नव्हता. ज्याला जग नाक मुरडतं ते त्यांना चालत होतं, आणि ज्यानं जगाच्या तोंडाला पाणी सुटतं त्याची त्यांना शिसारी येत होती. अन्नावरची वासनाच उडाली. कोरडा पाव, थंड दूध, उकडलेला बटाटा यावर त्या जगू लागल्या. दुकानाचा गणवेश अंगावर लोंबू लागला.

सगळ्यात वाईट म्हणजे नवरासुद्धा त्यातून सुटला नाही. तो दारात आला की घामाचा, ग्रीसचा, श्वासाचा असा काही एकत्र दर्प यायचा की ताई मागे सरायच्या. तो साबण लावून पुन्हा अंघोळ करायचा, तर साबण त्याहून घाण. एकदा तो बाहेर काहीतरी चमचमीत खाऊन आला आणि लाडानं जवळ बसला. ताईंना ओकारी आली. तोंडावर हात दाबून त्या उठल्या.

"मी काय कचऱ्याची गाडी आहे का?" तो ओरडला.

"मी मुद्दाम करते का?"

"मग काय करू? श्वास घेऊ नको?"

ताईंना हो म्हणावंसं वाटलं. तसं वाटलं याचीच त्यांना जास्त किळस आली, स्वतःची. इतकी वर्षं ज्या माणसाच्या कुशीत झोप लागली, त्याच्याकडे बघून पोट ढवळतं. त्या लेकीच्या खोलीत झोपायला गेल्या. दुसऱ्या दिवसापासून नवरा बाहेरच जेवू लागला.

रविवारी बापलेक बाहेर गेले होते. ताईंनी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली आणि फळीवरचे सगळे मसाल्यांचे डबे खाली उतरवले. डॉक्टर म्हणाले होते एकेक करून. त्या शत्रूच्या गोटात शिरल्यासारख्या एकेक झाकण उघडू लागल्या. जिरे: जळके केस. डबा बाजूला. लवंग: रॉकेल. बाजूला. हळद: ओला पोतेरा, पण नाक दाबून सोसण्यासारखा. धणे उघडले आणि त्या थांबल्या. धण्यांना वाळक्या गवताचा वास होता. पूर्वीचा नव्हे, पण घाणही नव्हे. त्यांनी चार दाणे चावून बघितले. बडीशेप चांगली होती. सुंठ झोंबली, पण स्वच्छ झोंबली. मिरीही तशीच. लिंबाची वाळवलेली साल हुंगली तेव्हा तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांनी एखादी वस्तू पुन्हा हुंगावीशी वाटली होती.

सवयीप्रमाणे धणे तव्यावर भाजायला घेतले, आणि दाणे तडतडताच तोच मेला उंदीर घरभर फिरला. तवा तसाच बाहेर नेऊन ठेवावा लागला. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की धण्यांशी भांडण नाहीच, भांडण आहे ते आगीशी. मग त्यांनी दुसरे धणे घेतले, बडीशेपेबरोबर कडक उन्हात वाळवले आणि न भाजताच मिक्सरमधून काढले. एका बरणीत धणे, बडीशेप, मिरी आणि मीठ, भाज्यांसाठी. दुसरीत सुंठ, हळद चिमूटभर आणि लिंबाची साल, डाळी नि शेंगांसाठी. फोडणी नाही, परतणं नाही. भाजी उकडायची, वर एक चमचा मसाला घालायचा, झाकण ठेवून गॅस बंद करायचा. कामावरून आल्यावर कपडे बदलेपर्यंत जेवण तयार.

त्या दिवशी ताई पोटभर जेवल्या. मळमळलं, पण अन्न पोटात राहिलं.

"दवाखान्यातल्यासारखं लागतंय," लेक म्हणाली.

"लिंबू पिळ."

नवऱ्यानं घास चघळला, पुन्हा घेतला. "वाईट नाही," तो म्हणाला. "पण जेवल्यासारखं नाही वाटत."

तरी घडी बसत चालली होती. तेवढ्यात थोरल्या जाऊबाई आल्या. भेटायला म्हणून आल्या आणि मुक्कामाला राहिल्या. नाकावर माशी बसू न देणारी बाई. घरात पाऊल टाकताच त्यांनी बरणी उघडून हुंगली. "हा मसाला? हा तर भुसा आहे. अगं, सगळं मनाचं असतं. तू नाकानं कांदे सोलायला लागलीस, बाकी काही नाही."

"जाऊबाई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांना काय जातंय सांगायला? माझा दीर किती वाळलाय ते दिसतंय का तुला?"

ताईंनी बरणीचं झाकण लावलं. वादाला ताकद लागते, आणि ती त्यांच्याकडे नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या कामावरून आल्या तर ताटं मांडलेली होती. सगळ्या खिडक्या उघड्या, पंखा चालू. आश्चर्यच वाटलं त्यांना. जाऊबाईंनी भाजी वाढली. "तुझाच मसाला घातलाय हो, घे निवांत." भाजी गार होती, वाफ नव्हती. ताईंनी मोठा घास घेतला.

घास जिभेवर फुटला. कुजकं, जळकं, गटारातलं, सगळं एकदम. गिळलाही जाईना, थुंकताही येईना. शेवटी तो ताटातच पडला, वर पोटातलंही आलं. लेक किंचाळली. ताई खुर्ची धरून वाकून उभ्या राहिल्या, नाकातोंडातून पाणी वाहत होतं.

जाऊबाईंचं तोंड पडलं होतं. "चमचाभरच घातला होता माझा भाजका मसाला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, न सांगता घातला तर तुला कळणारही नाही. म्हणजे मनाचं आहे ते सिद्ध झालं असतं."

ताईंनी नवऱ्याकडे बघितलं. तो ताटाकडे बघत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यानं ताट पुढे सरकवलं. लेक रडायला लागली. "काकू म्हणाली, आई, तुझ्या भल्यासाठीच..."

ताईंनी तोंड धुतलं, पुसलं आणि परत आल्या. आवाज चढवला नाही. "इतके दिवस मला अन्नाची घाण वाटत होती," त्या म्हणाल्या. "आज माणसांची वाटली. भाजी बिचारी मला फसवत नव्हती हो. तुम्ही खिडक्या उघडून, पंखा लावून, ताट मांडून फसवलंत. कुत्र्याला औषध घालतात तसं."

"अगं, पण..." जाऊबाई म्हणाल्या.

"तुमची गाडी सकाळची आहे ना?"

गाडी परवाची होती, पण जाऊबाई सकाळीच गेल्या. त्यानंतर ताईंनी घरचा स्वयंपाक सोडून दिला. आपल्यापुरतं एका पातेल्यात शिजवायचं आणि उभ्यानंच खायचं. मेकॅनिक दोन दिवस बाहेर जेवला. तिसऱ्या दिवशी ताई घरी आल्या तेव्हा तो शेगडीपाशी उभा होता, बरणीवरचं झाकण उघडू की नको अशा अवस्थेत.

"भोपळ्याला कुठली? ही का ती?"

ताईंनी पिशवी खुंटीला अडकवली.

"मी चुकलो," तो बरणीकडे बघतच म्हणाला. "वहिनीपुढे बोलता आलं नाही, हे खरं नाही. मलाही बघायचंच होतं, तू ढोंग करतेस का ते."

त्याचं खरं ऐकून ताईंना बरं वाटलं नाही. उलट पुन्हा एकदा उबग आला. पण निदान हे तो तोंडावर बोलला होता. "धण्यांची," त्या म्हणाल्या. "आणि एकच चमचा."

भोपळा कच्चा राहिला, मीठ दोनदा पडलं. दोघांनी खाल्ला.

पुढे वर्षभरात नाक थोडंथोडं वळणावर आलं. कांदा आता मेल्या उंदरासारखा नव्हे, करपलेल्या साखरेसारखा लागतो. कॉफी अजून गटारच आहे. नवऱ्याच्या अंगाचा वास निवळला तशा ताई आपल्या खोलीत परतल्या, पण तोंड भिंतीकडे करून झोपतात. लेक आता स्वतःच मसाला वाळवते, त्यात आपल्या मनानं वाळका पुदिना घालते. ताईंनी तो हुंगून पसंत केला.

जाऊबाईंनी दोनदा जेवायला बोलावलं. ताई दोन्ही वेळा गेल्या नाहीत. नवरा म्हणाला, "आता किती धरून ठेवशील?" ताई पुढच्या दिवसाचे धणे निवडत होत्या. "धरून काही ठेवलं नाही," त्या म्हणाल्या. "त्या घरातलं अन्न घशाखाली उतरत नाही, एवढंच."