जिच्यापुढं रांग नाही

घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, आणि माझा अभ्यास मध्ययुगातल्या ख्रिस्ती संतिणींचा; त्याही अशा, ज्यांना आता ख्रिस्ती लोकसुद्धा ओळखत नाहीत. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत बसून मी संगणकावर जुनी लॅटिन पानं वाचायची. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी,’ हे नातेवाइकांचं मत. आईला मात्र त्या कथा आवडायच्या. रसमाला फोडणी देता देता मध्येच विचारायची, "मग तिच्या आईनं काय केलं?" कथा लिहिणाऱ्यांनी त्या आयांची दखलच घेतली नव्हती. मी काय डोंबल सांगणार!

मग माझ्या धाकट्या भावाचं यकृत निकामी झालं. आईनं एक रुपया हळदीच्या फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवला. आमच्याकडं नवस असाच बोलतात. माणूस बरा झाला की ते नाणं त्या देवाच्या हुंडीत, म्हणजे दानपेटीत, टाकायचं. कुठल्या देवाचा नवस, विचारलं तर म्हणाली, "तुझ्या त्या कोठडीतल्या पोरीचा."

म्हणजे बापानं कोंडून उपाशी मारलेली माझी एक संतीण.

"अय्यो, तिचाच का?"

"मोठ्या देवांपुढं केवढी रांग असते! हिच्याकडं मागणारं कोणी नाही. लगेच ऐकेल."

मला हसू आलं. पण थोड्याच दिवसांत त्या पोरीचा छडा लागला. मठाच्या तळघरात बिननावाची हाडं सापडली होती, मठाला यात्रेकरू हवे होते, म्हणून एका साधूनं त्या हाडांना नाव दिलं, बाप दिला, कोठडी दिली. पोर कधी नव्हतीच. एरवी असं काही हाती लागलं असतं तर मी गल्लीभर सांगत सुटले असते. त्या दिवशी मात्र आईला सांगायचा धीर झाला नाही. आणि खरं सांगू? ती पोर असायला हवी होती, मलाही.

भाऊ गेला.

तेराव्यानंतर मी त्या फडक्याची गाठ सोडायला गेले. मेल्या त्या साधूचा इतका राग आला होता की आता आईला सगळं सांगूनच टाकणार होते. तिनं माझा हात धरला.

"राहू दे. तिच्यावर चिडू नकोस. तिच्याकडं कोणी कधी मागितलंच नाही, द्यायचं कसं ते तिला कुठून कळणार?"

मला रडू आवरेना.

"तिलाही वाईट वाटत असेल गं," आई म्हणाली, आणि तिनं दिव्यात तेल घातलं.